टाइमला मारायचं, विकत घ्यायचं की नुसतं घालवायचं?

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले की इंग्लिशमध्ये ‘टाइम’च्या आधी कुठला शब्द लावायचा यात आपण सगळ्यात जास्त गडबडतो, तर या महिन्यात बाकी सगळे विषय बाजूला आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळीकडून टाइम, टाइम आणि टाइमच. साहजिक आहे म्हणा. 2006 मध्ये ऑक्सफर्डच्या डिक्शनरीवाल्यांनी मोजणी केली होती तेव्हा इंग्लिशमधलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं नाम ‘टाइम’ हेच निघालं होतं. मग चुकाही त्याच्याच जास्त होणार. सगळी पत्रं छापता येत नाहीत, काही निवडलीत, रागावू नका.

प्रश्न : मॅडम, मी बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. क्लासमध्ये मॉक इंटरव्ह्यू होता, सरांनी विचारलं की रिकाम्या वेळात काय करतोस. मी म्हटलं, ‘आय किल माय टाइम इन रीडिंग’. सर हसायलाच लागले आणि पुढचा प्रश्न विचारला, चूक काही सांगितली नाही. वेळ घालवणे म्हणजे किल टाइमच ना? (एक वाचक, नांदेड)

माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस म्हणून तू म्हणते हं. ग्रामर सोड, सर हसले ते अर्थाला. ‘किल टाइम’ म्हणजे दुसरं काहीतरी व्हायची वाट बघतोय आणि तोपर्यंतचा वेळ कसा तरी ढकलतोय. एसटी स्टँडवर उभा आहेस, गाडी दीड तास लेट आहे, एक चहा झाला, दुसरा झाला, शेजारच्याच्या पेपरातल्या हेडलाइन वाचून झाल्या, मग वजनकाट्यावर उभा राहून उगाच वजन केलं, हे सगळं ‘किलिंग टाइम’. म्हणजे तू सरांना सांगितलंस की पुस्तकं माझ्यासाठी त्या वजनकाट्यासारखी आहेत.

घोळ कुठून होतो सांगते. आपलं ‘घालवणे’ हे एकच क्रियापद सगळी कामं करतं. ‘उन्हाळ्याची सुट्टी मामाकडे घालवली’ यात कसलीही तक्रार नाही. ‘मोबाइलवर वेळ घालवू नकोस’ असं आई म्हणते तेव्हा मात्र त्यात पूर्ण तक्रारच आहे. शब्द एकच, बाकी सगळं आईच्या आवाजावर आणि समोरच्या वाक्यावर. इंग्लिशमध्ये हे काम आवाजावर सोडत नाहीत, क्रियापदच बदलतात. साधं घालवणं ‘स्पेंड’, फुकट घालवणं ‘वेस्ट’, वाट बघताना ढकलणं ‘किल’, आणि हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ बसून पत्ते खेळणं किंवा प्रवासात गाण्याच्या भेंड्या, असं कंटाळा येऊ नये म्हणून काहीतरी करणं ते ‘पास द टाइम’. तुला म्हणायचं होतं ‘आय स्पेंड माय फ्री टाइम रीडिंग’. मध्ये ‘इन’ नको. जुन्या पुस्तकांमध्ये दिसतो तो, पण आता बोलताना खटकतो. वस्तू किंवा काम असेल तर ‘ऑन’, माणूस असेल तर ‘विथ’: ‘टू अवर्स ऑन मॅथ्स’, ‘अ डे विथ माय ग्रँडमदर’.

आणखी एक खड्डा आधीच दाखवून ठेवते, कारण यात भलेभले पडतात. ‘वेळ मारून नेणे’ म्हणजे किल टाइम नाही! शब्दाला शब्द लावला तर अगदी तेच दिसतं, म्हणूनच फसायला होतं. उसने दिलेले पैसे परत मागायला माणूस दारात आलाय आणि आपण म्हणतो ‘पुढच्या सोमवारी नक्की देतो, बसा ना, चहा घ्या’, तर ती आपण वेळ मारून नेली. इंग्लिशमध्ये त्याला ‘बाय टाइम’ म्हणतात, म्हणजे मुदत पदरात पाडून घेणं. ‘वेळकाढूपणा’ पण याच खात्यातला. उलट ‘वेळात वेळ काढून आलात’ यातलं काढणं ‘मेक टाइम’. क्रियापद तेच, ‘काढणे’, पण एक शिवी आणि एक आभार.

आता त्यांच्याकडे वेळ विकत घेता येतो, वाचवता येतो, खर्च होतो, गुंतवता येतो, म्हणजे हा सगळा पैशाचाच व्यवहार झाला की नाही? बेंजामिन फ्रँकलिनने 1748 मध्ये एका तरुण धंदेवाल्याला उपदेश करताना लिहून ठेवलंय की लक्षात ठेव, टाइम इज मनी, आणि भाषा अजून त्याच हिशोबाने चालते. आपणही आता सर्रास ‘वेळ वाचवला’, ‘वेळ खर्च केला’ म्हणतो, पण माझ्या आजीच्या तोंडून मी असलं कधी ऐकलं नाही. तिचा वेळ ‘जायचा’ किंवा ‘लागायचा’, आणि फार झालं तर अख्खा दिवस ‘मोडायचा’. वेळ आपला आपण जातो, आपण फक्त बघत बसायचं. म्हणून तर मराठीतून क्रियापद उचलून इंग्लिशमध्ये ठेवलं की नीट बसत नाही. जे. आर. फर्थ नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने 1957 मध्ये म्हटलं होतं की शब्द कोणाच्या संगतीत राहतो त्यावरून तो ओळखावा. आपल्याकडे मुलांबद्दल हेच बोलतात. तर ‘टाइम’ एकटा पाठ करू नकोस, त्याच्या मित्रमंडळींसकट पाठ कर.

प्रश्न : टाइमच्या आधी ‘अ’ कधी लावायचं, ‘द’ कधी लावायचं आणि काहीच कधी लावायचं नाही? माझे मिस्टर अमेरिकेत नवीन आले तेव्हा बसस्टॉपवर एका बाईंनी त्यांना विचारलं, ‘डू यू हॅव द टाइम?’ आणि हे म्हणाले, ‘येस येस, आय ॲम फ्री.’ ती बाई चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. अजून आम्ही यावर हसतो, पण नियम काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. (एक वाचक, न्यू जर्सी)

ताई, तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा, इतकं चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत मिळालं नव्हतं! ‘डू यू हॅव टाइम?’ म्हणजे मोकळे आहात का. ‘डू यू हॅव द टाइम?’ म्हणजे घड्याळात किती वाजले. एका ‘द’ने बाई लांब गेल्या.

याला मी वर्गात जी युक्ती सांगते ती ग्रामरच्या पुस्तकात मिळणार नाही कारण ती फक्त मराठी माणसालाच जमते. आपल्याकडे ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांमध्ये चालतो हे कधी लक्षात आलंय का? ‘माझा सगळा वेळ गेला’, ‘मोकळा वेळ’, ‘किती वेळ लागला’, हा तो वेळ. ‘जेवायची वेळ झाली’, ‘काय ही वेळ आली माझ्यावर’, ‘वेळ ठरली’, ही ती वेळ. तो वेळ म्हणजे लांबी, दुधासारखा, मोजायचा तर मापात. ती वेळ म्हणजे ठिपका, एक क्षण किंवा एक प्रसंग. लहान मूल पण यात चुकत नाही, कुणी शिकवलेलं नसतं तरी.

बस्स, हेच इंग्लिशला लावा. मराठीत ‘तो वेळ’ येत असेल तर सहसा ‘अ’ नको: ‘आय हॅव टाइम’, ‘इट टेक्स टाइम’, ‘वी वेस्टेड टाइम’. ‘आय हॅव अ टाइम’ असं म्हणून कुणाला मीटिंगला बोलावू नका. ‘ती वेळ’ येत असेल तर मात्र ‘अ’ किंवा ‘द’ लागणार: ‘द टाइम हॅज कम’, ‘धिस इज नॉट द टाइम’, ‘देअर वॉज अ टाइम व्हेन’. ‘घड्याळात किती वाजले’ म्हणजे ठिपकाच की, म्हणून ‘द टाइम’. आणि ‘वी हॅड अ गुड टाइम’ म्हणजे मजा आली, तो एक प्रसंग झाला, एक लग्न, एक ट्रिप, म्हणून ‘अ’. आणि ‘तीन वेळा’ म्हणतो ती पण ठिपक्यांची मोजणीच, म्हणून ‘थ्री टाइम्स’, अनेकवचन.

युक्ती शंभर टक्के चालते असं मात्र म्हणणार नाही. ‘बराच वेळ लागला’ हा स्वच्छ ‘तो वेळ’ आहे तरी इंग्लिशमध्ये ‘इट टुक अ लाँग टाइम’. इथे ‘लाँग’ आला की ‘अ’ येतोच, ते तेवढं पाठ करून टाका. ‘अ शॉर्ट टाइम’चं पण तेच.

प्रश्न : ‘इज धिस अ बॅड टाइम?’ याचा अर्थ काय? साहेबांनी फोन करून पहिलंच वाक्य हे विचारलं. घरात तेव्हा खरंच दोन-तीन कटकटी चालू होत्या, मला वाटलं यांना कसं कळलं, मी सगळं सांगत बसलो. (एक वाचक, हडपसर)

अरे देवा. दादा, साहेब फक्त विचारत होते की आत्ता बोलायला जमेल का, नंतर करू का फोन. उत्तर एवढंच होतं, ‘नो, गो अहेड’.

आपली ‘वाईट वेळ’ ही ग्रहांची, साडेसातीची, माणसावर आलेली. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणतो त्या जातीची जड वेळ. त्यांची ‘बॅड टाइम’ म्हणजे गैरसोयीची वेळ, पोळ्या लाटताना हाताला पीठ असतं आणि फोन वाजतो तेवढीच वाईट. खरंच कठीण दिवस चालू असतील तर ‘आय ॲम गोइंग थ्रू अ रफ टाइम’ किंवा ‘अ डिफिकल्ट टाइम’. आणि ‘अ हार्ड टाइम’ जरा वेगळाच प्राणी आहे. ‘आय हॅड अ हार्ड टाइम फाइंडिंग युवर हाऊस’ म्हणजे घर सापडता सापडेना, एवढंच. ‘डोन्ट गिव्ह मी अ हार्ड टाइम’ म्हणजे मला छळू नकोस.

प्रश्न : मुलीच्या शाळेतून सारख्या नोटिसा येतात, कधी ‘क्वालिटी टाइम’, कधी ‘स्क्रीन टाइम’. फ्री टाइम, स्पेअर टाइम आणि हे सगळं वेगळं आहे की एकच? आणि ‘हाय टाइम’ म्हणजे उशीर का? (एक आई, इचलकरंजी)

फ्री आणि स्पेअर जवळजवळ जुळे आहेत, पण आपल्याकडे ‘मोकळा वेळ’ आणि ‘फावला वेळ’ यात जेवढा फरक तेवढा फरक आहे. फ्री टाइम म्हणजे मोकळा. स्पेअर म्हणजे सगळी कामं उरकून उरलेला, फावला. ‘फावल्या वेळात शिवणकाम करते’ ला ‘इन माय स्पेअर टाइम’ चपखल बसतं. रिकामा वेळ, म्हणजे मशीन बंद पडलं आणि कामगार बसून आहेत तो, ‘आयडल टाइम’.

‘क्वालिटी टाइम’ माणसांसोबतच. मुलीशेजारी सोफ्यावर बसलात, ती तिच्या फोनमध्ये आणि तुम्ही तुमच्या, तर तास एक झाला पण तो क्वालिटी टाइम नाही, दोघींचा मिळून दोन तास स्क्रीन टाइम झाला. (हे मी माझ्या घराबद्दल पण लिहितेय.)

एका विशेषणाला मात्र जपा, ‘स्मॉल-टाइम’. कमी वेळ असा अर्थ लावून एका मुलीने अर्जात स्वतःला ‘स्मॉल-टाइम टीचर’ म्हटलेलं मी वाचलंय. त्याचा अर्थ किरकोळ, फुटकळ. तिला ‘पार्ट-टाइम’ म्हणायचं होतं.

‘हाय टाइम’ म्हणजे आता अति झालं, हे कधीच व्हायला हवं होतं. आणि त्याच्यापुढे क्रियापद भूतकाळी येतं, हे आपल्याला पटता पटत नाही. ‘इट्स हाय टाइम वी लेफ्ट.’ अजून निघालो नाही तरी ‘लेफ्ट’. विचित्र वाटेल, पण मराठीत आपण काय करतो बघा. पाहुणे हलायला तयार नाहीत, काका दारात चपला घालून उभे आहेत आणि म्हणतात, ‘चला, निघालो आम्ही!’ निघाले कुठे अजून? काकू आत कुंकू लावून घेतायत. पण बोलणं भूतकाळी. कारण अगदी सारखं आहे असं नाही म्हणत मी, पण कानाला सवय लावायला हे काका उपयोगी पडतात.

प्रश्न : वय वर्षं एक्क्याऐंशी. गिरगावात जन्म आणि मुक्काम. माझं चावीचं घड्याळ रोज पाच मिनिटं मागे पडतं हे नातवाला इंग्लिशमध्ये सांगायचं होतं, मी म्हटलं ‘माय वॉच गोज बॅक’. तो म्हणतो आजोबा, घड्याळ गावाला गेलं का? दुसरं, विमानाच्या तिकिटावर ‘लोकल टाइम’ लिहितात, आमच्या लहानपणी मुंबईचाच वेगळा टाइम होता तो हाच का? (एक आजोबा, मुंबई)

आजोबा, नातू हुशार आहे, त्याला माझ्यातर्फे एक लिमलेटची गोळी. घड्याळ मागे पडत असेल तर ‘माय वॉच लूजेस फाइव्ह मिनिट्स अ डे’, पुढे पळत असेल तर ‘गेन्स’. पुन्हा तेच बघा, हरवलं आणि कमावलं, दुकानदारी! बरोबर चालत असेल तर ‘इट कीप्स गुड टाइम’. हाच ‘कीप टाइम’ तबलजीला लावला की ताल धरणं होतो. आणि लहान मुलाला घड्याळ बघता यायला लागलं की ‘ही कॅन टेल द टाइम’, इथे ‘सी’ किंवा ‘वॉच’ नाही चालत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी एक आख्खं पान देऊ शकले असते. मुंबईचा बॉम्बे टाइम ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे होता. 1906 मध्ये सरकारने देशाला साडेपाच तासांचा स्टँडर्ड टाइम दिला, पण मुंबईकर हट्टी, आपल्या सूर्याप्रमाणेच चालायचं म्हणून हा जुना टाइम शहरात 1955 पर्यंत टिकून होता. फरक 39 मिनिटांचा, म्हणजे स्टँडर्डप्रमाणे बारा वाजलेले असताना बॉम्बे टाइम अकरा एकवीस. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. त्या काळी पत्रिकेवर किंवा नोटिशीवर नुसती वेळ देऊन भागत नसे, कुठल्या टाइमाची ते पण लिहायला लागायचं. त्याच्याही आधी रेल्वे मद्रास टाइमवर चालायची, तो आणखी तिसराच. तर ‘स्टँडर्ड’, ‘लोकल’, ‘बॉम्बे’, ‘रेल्वे’ ही टाइमची विशेषणं तुमच्या पिढीने नुसती वाचली नाहीत, त्यांच्यामुळे गाड्या चुकल्यात. तिकिटावरचा ‘लोकल टाइम’ त्याच कुळातला, फक्त आता गावाच्या सूर्यावर नाही, त्या देशाने ठरवलेल्या घड्याळावर. दुबईत उतरणार तर दुबईचं घड्याळ.

प्रश्न : ऑन टाइम आणि इन टाइम. प्लीज एकदाच काय ते सांगा. (डोंबिवली, नाशिक, लातूर आणि आणखी अकरा जण)

वेळेवर आणि वेळेत. 8:14 ची लोकल 8:14 ला आली, ‘ऑन टाइम’, वेळेवर (हसू नका डोंबिवलीकर). तुम्ही जिना धावत उतरून 8:13 ला प्लॅटफॉर्मवर पोचलात आणि डब्यात पाय ठेवला, तुम्ही ‘इन टाइम’, वेळेत. म्हणजे ‘ऑन’ला ठरलेला ठिपका लागतो आणि ‘इन’ला दार बंद व्हायच्या आत. ‘वेळेत डॉक्टर मिळाले म्हणून वाचला’ यात ‘इन टाइम’च, कारण तिथे कुणी अपॉइंटमेंट घेतलेली नव्हती.

जाता जाता, ‘मेक टाइम’ म्हणजे वेळ काढणं हे वर सांगितलं, पण मध्ये ‘गुड’ आला की गाडीच बदलते. ‘वी मेड गुड टाइम ऑन द एक्स्प्रेसवे’ म्हणजे एक्स्प्रेसवेला भराभर आलो, घाटात अडकलो नाही. त्यात चांगला वेळ घालवल्याचा काही संबंध नाही, कदाचित मागच्या सीटवर भांडणंच चालू होती.

प्रश्न : मॅडम, बायोडेटात मी ‘आय हॅव डन टाइम इन येरवडा फॉर थ्री इयर्स’ लिहिलं होतं, तिथल्या एका ऑफिसात मी तीन वर्षं होते. मैत्रिणीने फोन करून आधी ते काढ म्हणून सांगितलं, कारण मात्र सांगेना. (एक वाचक, पुणे)

‘डू टाइम’ म्हणजे तुरुंगात शिक्षा भोगणं. आणि त्यात तुम्ही गावाचं नाव पण येरवडाच निवडलंत! ‘आय वर्क्ड इन येरवडा’ पुरे आहे. मैत्रिणीला जेवायला घाला.

प्रश्न : लोकलमध्ये शेंगदाणेवाला ‘टाइमपास, टाइमपास’ ओरडतो. हे इंग्लिश आहे का? माझी बॉस परदेशी आहे, तिच्यासमोर वापरू का? (एक वाचक, ठाणे)

शब्द दोन्ही इंग्लिश, पण जोडी आपण लावली. त्यांच्याकडे हेच दोघं उलटे उभे राहतात, ‘पास्टाइम’, आणि स्पेलिंगमध्ये एकच एस आणि एकच टी, हे लिहून ठेवा कारण शंभरात नव्वद जण दोन एस घालतात. पण अर्थ तोच नाही. पास्टाइम म्हणजे आवडीचा छंद, बागकाम, बुद्धिबळ, क्रिकेट बघणं. आपल्या टाइमपासमध्ये आवड असलीच पाहिजे असं नाही. ‘पिक्चर कसा होता?’ ‘टाइमपास.’ यात कौतुक किती आणि नालस्ती किती ते बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही. बॉससमोर वापरायचं तर शेंगदाण्याची पुडी तिच्या हातात देऊन वापरा, ठाणे ते दादर होईपर्यंत तिला अर्थ आपोआप कळेल.